दोन उपचारांपैकी सरस कोणता, हे ठरवायचं कसं? (चाचण्या, आकडेमोड आणि नेहमीच्या चुका)

अवकलन

दोन उपचारांची तुलना म्हटली की चर्चा 'पी-व्हॅल्यू किती आली' इथे सुरू होते आणि तिथेच संपते. (पी-व्हॅल्यू, थोडक्यात 'पी', म्हणजे खरा फरक काहीच नसताना दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता.) माझं म्हणणं असं की तो आकडा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. फरक किती, तो कुठून कुठपर्यंत असू शकतो आणि आकडे कोणत्या रचनेतून आले, हे आधी पाहायला हवं. एक खरं उदाहरण घेऊन पूर्ण गणित मांडतो, म्हणजे पुढची चर्चा नेमकी होईल.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने फुफ्फुसाच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घेतली आणि १९४८ साली निष्कर्ष छापले. एका गटाला औषध आणि अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला फक्त विश्रांती. कोणता रुग्ण कुठल्या गटात जाणार हे यादृच्छिक आकड्यांवरून ठरलेलं होतं आणि बंद पाकिटात होतं. ही व्यवस्था ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची. औषध गटात ५५ रुग्ण, सहा महिन्यांत ४ मृत्यू. विश्रांती गटात ५२ रुग्ण, १४ मृत्यू.

आता पायऱ्या.

शून्य गृहीतक: दोन्ही गटांत मृत्यूचं खरं प्रमाण सारखंच आहे. पर्यायी गृहीतक: ते वेगळं आहे, कमी किंवा जास्त. म्हणजे चाचणी दुहेरी. औषध अपायकारक निघण्याची शक्यता आधीच नाकारता येत नाही, म्हणून उपचारांच्या तुलनेत एकेरी चाचणी सहसा घेत नाहीत.

निरीक्षित प्रमाण ४/५५ म्हणजे ७.३% आणि १४/५२ म्हणजे २६.९%. फरक १९.७ टक्के-अंकांचा.

शून्य गृहीतक खरं मानलं तर दोन्ही गट एकाच पिशवीतले. म्हणून एकत्रित प्रमाण १८/१०७ = ०.१६८२. प्रमाण-त्रुटी (नमुना बदलला की उत्तर साधारण किती हलतं, त्याचं माप) = वर्गमूळ [०.१६८२ × ०.८३१८ × (१/५५ + १/५२)] = ०.०७२४. झेड (फरक प्रमाण-त्रुटीच्या किती पट आहे ते) = ०.१९६५ ÷ ०.०७२४ = २.७२. दुहेरी पी सुमारे ०.००७.

विश्वास-अंतराल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) काढताना मात्र एकत्रित प्रमाण वापरायचं नाही, कारण तिथे आपण दोन्ही प्रमाणं सारखी आहेत असं गृहीत धरत नाही. प्रत्येक गटाचं प्रमाण वेगळं ठेवून प्रमाण-त्रुटी येते ०.०७०८. मग १९.७ ± १.९६ × ७.०८, म्हणजे ९५% अंतराल साधारण ५.८ ते ३३.५ टक्के-अंक.

शेवटचं रूपांतर वैद्यकाच्या कामाचं: १ ÷ ०.१९६५ = ५.१. सहा महिन्यांत एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे ५ जणांना औषध द्यावं लागतं. अंतरालाची टोकं धरली तर ३ ते १७ जणांना. पी-व्हॅल्यू यातलं काहीच सांगत नाही.

तिरपी रेघ

छान मांडणी. एक शंका. हेच आकडे 'आर' या संगणक-प्रणालीत दोन प्रमाणांच्या चाचणीला दिले की पी ०.०१४ येतो, ०.००७ नाही. काय-स्क्वेअर चाचणीलाही (तक्त्यातल्या निरीक्षित आणि अपेक्षित संख्यांची तुलना करते ती) तेच. दुसरं असं की विश्रांतीगटात १४ आहेत, पण औषध गटातल्या चौकटीत फक्त ४. '५ पेक्षा कमी असेल तर काय-स्क्वेअर चालत नाही' हा नियम इथे लागत नाही का?

अवकलन

दोन्ही प्रश्न नेहमी येतात.

२ × २ तक्त्यावरची काय-स्क्वेअर आणि दोन प्रमाणांची झेड-चाचणी एकच आहे. २.७२ चा वर्ग ७.४, तोच काय-स्क्वेअर. तुम्हाला मिळालेल्या उत्तरात येट्स यांची सातत्य-दुरुस्ती (लहान नमुन्यात पी फार छोटा येऊ नये म्हणून केलेली वजावट) लागली आहे. 'आर' ती न सांगता लावतं. तिने काय-स्क्वेअर ६.०४ वर येतो, म्हणून पी वाढतो. दुरुस्ती बंद करायचा पर्याय असतो. कुठलंही ठेवा, पण अहवालात लिहा आणि आकडे पाहण्याआधी ठरवा. दोन्ही करून बघून सोयीचं उत्तर ठेवलं तर ०.०५ या मर्यादेला (पी याहून कमी आला की फरक 'लक्षणीय' मानतात) अर्थ उरत नाही.

पाचाचा नियम निरीक्षित संख्येला लागत नाही, अपेक्षित संख्येला (शून्य गृहीतक खरं असतं तर आली असती तिला) लागतो. औषध गटातले अपेक्षित मृत्यू = ५५ × १८ ÷ १०७ = ९.३. दुसऱ्या गटातले ८.७. म्हणजे चारही चौकटी सुरक्षित. अपेक्षित संख्या खरोखरच ५ च्या खाली गेली तर फिशर यांची अचूक चाचणी घ्यावी.

रानजाई

सहा महिने हा टप्पा कोणी ठरवला, यालाही तितकंच महत्त्व आहे. याच रुग्णांचा पाठपुरावा पुढे चालू राहिला. पाच वर्षांनी औषध गटात ५५ पैकी ३२ आणि विश्रांती गटात ५२ पैकी ३५ मृत्यू झालेले होते. ५८.२% विरुद्ध ६७.३%. फरक ९.१ अंकांचा, अंतराल −९.१ ते २७.४, पी ०.३३. जंतूंमध्ये स्ट्रेप्टोमायसिनला प्रतिकार तयार झाला, हे त्यामागचं मोठं कारण. एकट्या औषधावर न थांबता औषधांची जोडी देण्याकडे क्षयाचा उपचार वळला तो त्यामुळेच.

म्हणून मुख्य निष्पत्ती (उपचाराचा कोणता परिणाम मोजायचा ते) आणि ती कधी मोजायची, दोन्ही चाचणी सुरू होण्याआधी लिहून नोंदवायला हवं. मृत्यू किंवा आजार उलटणं अशी 'घटनेपर्यंतचा काळ' प्रकारची निष्पत्ती असेल तर एका टप्प्यावरचं प्रमाण धरून बसू नका. पाठपुरावा मध्येच सुटलेल्या रुग्णाने तोवर घटनेशिवाय काढलेला काळही माहितीच असतो. कॅप्लन-मायर वक्र (वेळेबरोबर किती जण घटनेशिवाय उरले ते दाखवणारा) काढा, तुलनेला लॉग-रँक चाचणी (दोन वक्रांची पूर्ण काळात तुलना करणारी) वापरा. फक्त वक्र एकमेकांना छेदत असतील तर लॉग-रँकची ताकद (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) फार घटते. सुरुवातीचा फायदा आणि नंतरचा तोटा एकमेकांना खाऊन टाकतात.

मोजपट्टी

नमुन्याच्या आकाराबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. हा हिशेब आधी होत नाही आणि मग शेवटी 'फरक आढळला नाही' एवढंच वाक्य हातात उरतं.

दोन प्रमाणांसाठी, प्रत्येक गटातली संख्या:

(झेड-अल्फा + झेड-बीटा)² × [प१(१−प१) + प२(१−प२)] ÷ (प१−प२)²

प१ आणि प२ ही दोन गटांतली अपेक्षित प्रमाणं. झेड-अल्फा पातळीवरून ठरतो, झेड-बीटा ताकदीवरून. दुहेरी ५% पातळी (फरक नसताना 'आहे' म्हणण्याची शक्यता) आणि ८०% ताकद असेल तर पहिला कंस १.९६ + ०.८४, त्याचा वर्ग ७.८५. ताकद ९०% हवी असेल तर १०.५१.

समजा जुन्या उपचाराने ७०% बरे होतात आणि नव्याने ८०% झाले तरच बदलावं असं आपलं मत आहे. ७.८५ × (०.२१ + ०.१६) ÷ ०.०१ = २९०.५, म्हणजे प्रत्येक गटात २९१. ९०% ताकदीला ३८९. १०% रुग्ण मध्येच सुटतील असा अंदाज असेल तर २९१ ला ०.९ ने भागा, ३२४ येतात. पुष्कळ जण २९१ मध्ये १०% मिळवून ३२० किंवा ३२१ लिहितात. ते कमी पडतं.

आता तोच फरक निम्मा करा, ७०% विरुद्ध ७५%. प्रत्येक गटात सुमारे १,२५० रुग्ण लागतात. फरक निम्मा झाला की संख्या चौपटीच्या आसपास जाते. म्हणूनच लोक हिशेबात फरक फुगवून धरतात, संख्या आटोक्यात आणतात आणि मग खरा, मध्यम आकाराचा फायदा हातून निसटतो. किती फरक धरायचा हे वैद्यकाने ठरवायचं असतं. संख्याशास्त्रज्ञाकडे त्याचं उत्तर नसतं.

आणखी एक. चाचणी संपल्यावर, निरीक्षित फरक घालून 'ताकद किती होती' हे काढू नका. तो आकडा पी-व्हॅल्यूचंच दुसरं रूप असतो, नवी माहिती शून्य. त्या जागी विश्वास-अंतराल द्या.

निशिगंध_जीव

वरची सगळी चर्चा हो/नाही निष्पत्तीची झाली. रक्तदाब, साखर, वेदनेचा गुणांक अशा मोजमापांबद्दल दोन-तीन गोष्टी.

दोन स्वतंत्र गटांच्या सरासरीसाठी वेल्च यांची टी-चाचणी घ्या. ती दोन्ही गटांचं विचरण (आकड्यांचा पसारा) सारखं मानत नाही, आणि सारखं असलं तरी जवळपास काही गमवावं लागत नाही. आधी विचरणांची चाचणी घ्यायची आणि तिच्या निकालावरून टी-चाचणीचा प्रकार निवडायचा, ही दोन पायऱ्यांची पद्धत टाळावी. आकडे एका बाजूला फार लांबलेले असतील (रुग्णालयातले दिवस, काही विकरांची पातळी) तर लॉग घेऊन पाहा, किंवा मान-व्हिटनी. मान-व्हिटनी मध्यकांची तुलना करते असं सरसकट लिहिलं जातं, ते बरोबर नाही. एका गटातला कोणताही रुग्ण दुसऱ्या गटातल्या कोणत्याही रुग्णापेक्षा वरचढ असण्याची शक्यता अर्ध्यापासून किती दूर आहे, हे ती पाहते.

पण सगळ्यात जास्त आढळणारी चूक वेगळीच आहे. प्रत्येक गटात 'उपचाराआधी आणि नंतर' अशी जोडीची टी-चाचणी करायची आणि दोन पी-व्हॅल्यू शेजारी ठेवायच्या. कल्पित आकडे घेऊ. पहिल्या गटात वरचा रक्तदाब ८ ने उतरला, प्रमाण-त्रुटी ३.७, पी ०.०३. दुसऱ्यात ६ ने उतरला, प्रमाण-त्रुटी ३.३, पी ०.०७. निष्कर्ष लिहिला जातो: 'पहिला उपचार परिणामकारक, दुसरा नाही, म्हणून पहिला सरस.' आता दोन्हींतला फरक थेट तपासा. ८ − ६ = २. प्रमाण-त्रुटी = वर्गमूळ (३.७² + ३.३²) = ४.९६. झेड ०.४०, पी ०.६९. सरस असल्याचा पुरावा यात कुठेच नाही. शिवाय उपचाराआधी रक्तदाब वाढलेले रुग्णच निवडलेले असतात, त्यामुळे काही न करताही दुसरं मोजमाप सरासरीकडे सरकतं. गटाअंतर्गत घट ही उपचाराची कमाई मानायची नसते. प्रश्न दोन उपचारांच्या तुलनेचा असेल तर चाचणीही तुलनेचीच हवी.

मग आधीचं मोजमाप वापरायचंच नाही का? वापरायचं, पण सहप्रसरण विश्लेषणात: नंतरचं मूल्य उत्तर म्हणून, गट आणि आधीचं मूल्य कारक म्हणून. आधीच्या आणि नंतरच्या मूल्यांत सहसंबंध ०.६ असेल तर फक्त नंतरची मूल्यं तुलनेला घेतल्याच्या मानाने विचरण १ − ०.६², म्हणजे ०.६४ पट होतं. 'नंतर वजा आधी' असा फरक घेतला तर २ × (१ − ०.६) = ०.८ पट. सहसंबंध ०.५ च्या खाली असेल तर फरक घेतल्याने विचरण उलट वाढतं. सहप्रसरण विश्लेषणाने १०० रुग्ण लागत होते तिथे ६४ मध्ये काम होतं, तेही एक ओळ बदलून.

शतपावली

एकाच रुग्णावर दोन्ही उपचार आलटून-पालटून दिले असतील आणि निष्पत्ती हो/नाही असेल तर कोणती चाचणी? काय-स्क्वेअर लावलेली पाहिली आहे, पण ते पटत नाही.

निशिगंध_जीव

न पटणं योग्यच. तिथे निरीक्षणं स्वतंत्र नसतात. मॅकनेमार यांची चाचणी घ्या.

समजा ६० जण. ३० जणांना दोन्हींनी आराम, १० जणांना एकाही उपचाराने नाही. या ४० जणांकडून तुलनेला काही मिळत नाही. उरले २०: १५ जणांना फक्त पहिल्याने, ५ जणांना फक्त दुसऱ्याने. काय-स्क्वेअर = (१५ − ५)² ÷ २० = ५.०, पी ०.०२५. पण २० ही संख्या लहान आहे, म्हणून अचूक द्विपद चाचणी बरी: नाणं २० वेळा उडवून ५ किंवा कमी छापे पडण्याची शक्यता ०.०२०७, दुप्पट केली की ०.०४१.

दोन अटी सांभाळा. क्रम यादृच्छिक हवा, निम्म्यांना आधी पहिला आणि निम्म्यांना आधी दुसरा. आणि मध्ये पुरेसा विरामकाळ हवा. औषधाची अर्धायु (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) माहीत असेल तर पाच अर्धायुंनंतर शरीरात साधारण ३% उरतं, तो किमान हिशेब धरतात. आजार पूर्ण बरा करणाऱ्या उपचारांना ही रचना चालतच नाही, कारण दुसऱ्या फेरीत तपासायला आजारच उरत नाही.

तिरपी रेघ

यादृच्छिक वाटप नसलेल्या, जुन्या नोंदींवरून केलेल्या तुलनेबद्दलही कोणीतरी लिहा. प्रत्यक्षात तीच जास्त दिसते.

अवकलन

त्याला मूतखड्यांच्या अभ्यासाइतकं चांगलं उदाहरण नाही. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेले आकडे. उघडी शस्त्रक्रिया: ३५० पैकी २७३ यशस्वी, ७८%. त्वचेतून नळी घालून खडा काढणं: ३५० पैकी २८९, ८३%. वरवर दुसरी पद्धत सरस.

आता खड्याच्या आकाराने विभागा.

लहान खडे: उघडी ८१/८७ (९३%), नळीची २३४/२७० (८७%).
मोठे खडे: उघडी १९२/२६३ (७३%), नळीची ५५/८० (६९%).

दोन्ही थरांत उघडी शस्त्रक्रिया वरचढ, एकत्र केल्यावर मात्र खाली. कारण तक्त्यातच आहे. मोठे, अवघड खडे बहुतांशी उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले (३५० पैकी २६३) आणि लहान बहुतांशी दुसरीकडे (३५० पैकी २७०). एकत्रित टक्केवारीने पद्धतींपेक्षा खड्यांचीच तुलना केली. सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात तो हा.

अशा वेळी कॉक्रन-मँटेल-हॅन्झेल पद्धत वापरायची. ती प्रत्येक थरात तुलना करून मग जोड देते. कच्चं, म्हणजे थर न पाडता काढलेलं शक्यता-गुणोत्तर (उघडीचं यश : अपयश भागिले नळीचं यश : अपयश; १ आलं तर दोन्ही सारख्या) ०.७५. थर लक्षात घेऊन मँटेल-हॅन्झेल गुणोत्तर १.४५. दिशाच उलटली. आणि हे सहसा कोणी सांगत नाही, पण मला फार महत्त्वाचं वाटतं: कच्च्या तुलनेचा पी ०.१३, थरांच्या तुलनेचा पी ०.१२ (सातत्य-दुरुस्तीशिवाय). दिशा विरुद्ध आणि पी जवळजवळ तोच! नुसती पी-व्हॅल्यू छापली असती तर या दोन विश्लेषणांत काही फरक आहे हे कळलंही नसतं.

थरांनी सगळं सुटतं असंही नाही. आपण मोजलेल्या कारकाचाच थर करता येतो. या दोन पद्धती वेगवेगळ्या वर्षांत वापरलेल्या होत्या, त्यामुळे काळाबरोबर बदललेल्या बाकीच्या गोष्टीही मध्ये येतात. न मोजलेल्या कारकांचाही समतोल फक्त यादृच्छिक वाटपाने साधतो, आणि तोही सरासरीने.

रानजाई

+१. आणि यादृच्छिक वाटप केल्यावरही तो फायदा घालवायचे तीन हमखास मार्ग आहेत.

पहिला, उपचार न पाळलेल्यांना वगळणं. ज्याला त्रास झाला त्याने औषध सोडलं, त्याला काढून टाकलं, की उरलेला गट आपोआप निरोगी दिसतो. ज्याला ज्या गटात नेमलं त्याच गटात त्याचा हिशेब धरा. माहितीच नसलेले रुग्ण असतील तर दोन्ही टोकं तपासा: औषध गटातले सगळे सुटलेले अयशस्वी आणि दुसऱ्या गटातले यशस्वी धरून निष्कर्ष टिकतो का?

दुसरा, मधूनमधून डोकावणं. प्रत्येक वेळी ०.०५ लावून पाच वेळा तपासलं आणि पहिल्या 'लक्षणीय' निकालावर थांबलं, तर खोटा होकार मिळण्याची शक्यता ५% ऐवजी सुमारे १४% होते. दहा वेळांना १९%. मधले टप्पे हवेच असतील तर ओब्रायन-फ्लेमिंगसारख्या मर्यादा आधी ठरवा. त्या सुरुवातीच्या टप्प्यांवर फार कडक असतात आणि शेवटी ०.०५ च्या जवळ येतात.

तिसरा, उपगट. २० स्वतंत्र चाचण्या केल्या तर कुठलाच फरक नसताना किमान एक 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४%. आयसिस-२ या १७,१८७ रुग्णांच्या, १९८८ साली छापलेल्या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले रक्तवाहिन्यांशी संबंधित मृत्यू ११.८% वरून ९.४% वर आले. उपगटांचा धोका दाखवण्यासाठी संशोधकांनी राशीनुसार विभागणीही छापली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिन किंचित अपायकारक दिसलं! म्हणून उपगटातला पी वेगळा वाचू नये. उपगटानुसार परिणाम खरंच बदलतो का, याची आंतरक्रिया-चाचणी घ्यावी, तीही आधी नोंदवलेल्या दोन-तीन उपगटांपुरती.

शतपावली

शेवटची शंका. पी ०.४ आला तर 'दोन्ही उपचार सारखेच' असं लिहिता येईल ना? नवा उपचार सोपा असेल तर तेवढंही पुरेसं असतं.

मोजपट्टी

नाही लिहिता येणार. ०.४ चा अर्थ एवढाच की शून्य गृहीतक नाकारण्याइतका पुरावा जमला नाही. दहा-दहा रुग्णांची चाचणी केली तर जवळपास कुठलेही दोन उपचार 'सारखे' ठरतील.

सोपा उपचार 'जुन्यापेक्षा फारसा वाईट नाही' हे दाखवायचं असेल तर अ-कनिष्ठता चाचणी आखा. तिथे शून्य गृहीतकच उलटं असतं: नवा उपचार ठरवलेल्या मर्यादेइतका किंवा त्याहून वाईट आहे. समजा मर्यादा १० टक्के-अंक. जुन्याने ९०%, नव्याने ८८% बरे झाले. प्रत्येक गटात १०० असतील तर फरक −२, ९५% अंतराल −१०.७ ते ६.७. खालचं टोक −१० च्या पलीकडे गेलं, म्हणून अ-कनिष्ठता सिद्ध नाही. तीच टक्केवारी २००-२०० रुग्णांत आली तर अंतराल −८.१ ते ४.१, सिद्ध. दोन्ही वेळा नेहमीचा पी ०.०५ च्या बराच वर असतो, म्हणजे तो पाहून काहीच ठरलं नसतं.

मर्यादा मात्र हवी तेवढी मोठी घेता येत नाही. जुना उपचार 'काहीच न देण्यापेक्षा' जेवढा सरस आहे त्याचा मोठा भाग टिकायला हवा. जुन्याचा फायदाच १२ अंकांचा असेल तर १० ची मर्यादा घेऊन जवळपास निरुपयोगी औषधही पास होईल. आणि रानजाईंनी लिहिलेल्या पहिल्या मुद्द्याला इथे एक पुरवणी: उपचार न पाळणारे दोन्ही गटांत मिसळले की गट एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि इथे तसं दिसणं नव्या उपचाराच्या पथ्यावर पडतं. त्यामुळे अ-कनिष्ठतेत नेमणुकीप्रमाणे आणि प्रत्यक्ष पाळलेल्या उपचाराप्रमाणे अशी दोन्ही विश्लेषणं करा, आणि दोन्हींत अंतराल मर्यादेच्या आत राहिलं तरच दावा करा.